जांभळ्या रेघा

दक्षिण कोरियातल्या मासान बंदराच्या त्या प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात सकाळी साडेआठ वाजताच भट्टीसारखी धग सुटलेली असायची. सहाशे मुलांचं सोयाबीनचं सूप उकळत होतं आणि प्यो बोराम फावड्याएवढा पळा दोन्ही हातांनी धरून ते ढवळत होती. पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, अंगावर रबरी एप्रन, डोक्यावर टोपी. बाकीच्या बायका एप्रनखाली पातळसा बनियन घालायच्या. बोराम मात्र सप्टेंबरच्या उकाड्यातसुद्धा लांब बाह्यांचा शर्ट घालायची आणि शर्टाच्या आत छातीपासून मांड्यांपर्यंत एक घट्ट पट्टा आवळून घ्यायची. कपडे बदलायला ती सगळ्यांच्या खोलीत कधी गेली नाही. संडासात जाऊन, कडी लावून, भिंतीला टेकत बदलायची.

चार वर्षांपूर्वी तिचं वजन एकशे अठरा किलो होतं. वडिलांचा पाय साखरेच्या आजाराने कापावा लागला, पुढच्याच वर्षी ते गेले, आणि तिच्या रक्ताचा कागद हातात घेऊन डॉक्टर म्हणाले, "बाई, तुम्हीही त्याच वाटेवर आहात." तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती. त्या दिवसापासून रोज पहाटे ती बंदराच्या कडेने चालू लागली. भाताचं वाडगं अर्धं केलं, आणि अडीच वर्षांत अठ्ठावन्न किलो उतरवले. साखर ताब्यात आली. रस्त्यात थांबवून लोक कौतुक करू लागले.

मांस गेलं पण कातडी राहिली. पोटावर तिची एक मोठी सैल घडी पडली होती, जांघेपर्यंत उतरलेली. दंडाखाली रिकाम्या पिशव्या लोंबत, मांड्यांना मांड्या घासत. पोटाच्या घडीखाली घाम साचला की कातडी सोलून निघे आणि तिथून एक आंबूस वास येई. रात्री पावडर टाकताना बोराम मान वळवून घेई. स्वतःच्याच अंगाची तिला किळस वाटायची, आणि किळस वाटते याची लाजही. ऑपरेशनची माहितीपत्रकं तिने गाद्यांच्या कपाटात सगळ्यात खाली दडवून ठेवली होती. कातडी कापून घ्यावी असं तिला वाटत नव्हतं असं मुळीच नाही. आरशासमोर उभी राहून ती दोन्ही हातांनी घडी वर उचलून धरायची, एक मिनिटभर तसंच पाहायची आणि सोडून द्यायची.

अशात तिचं लग्न ठरलं. मुलगा गिम्हे शहरातला, थेग्युन, वय एकोणचाळीस, जहाजांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या कचेरीत कामाला. आईच्या ओळखीतून स्थळ आलं होतं. बोरामच्या आईचं, मालसुनचं, मासळी बाजाराला लागून तोंडीलावण्यांचं छोटं दुकान होतं. गिऱ्हाइकांना वाळवलेल्या माशांचे तुकडे आणि मुळ्याचं किमची तोलून देता देता ती सगळ्यांना सांगायची, "ठरलं एकदाचं माझ्या पोरीचं!" त्या 'एकदाचं'वर ती जरा जास्तच जोर द्यायची.

थेग्युन स्वभावाने गरीब वाटायचा. मोठ्याने बोलायचा नाही, चालताना तिच्या पावलांशी पावलं जुळवायचा. पण तिचा जुना फोटो त्याने आपल्या फोनमध्ये ठेवला होता आणि मित्र भेटले की आधी तो दाखवायचा, मग तिच्याकडे बोट करायचा. मित्र "अरे बापरे!" म्हणत, आणि थेग्युन लाजून हसे, जणू ते अठ्ठावन्न किलो त्यानेच उतरवले होते. बोरामला ते आवडत नव्हतं. पण छत्तिसाव्या वर्षी ठरलेलं लग्न एवढ्याशा गोष्टीवरून कुठे वाकड्यात न्यायचं, असं म्हणून ती गप्प बसली. कातडीचं त्याला तिने स्वतःहून सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "ठीक आहे गं. आईच्या कानावर घालतो."

आईच्या कानावर गेलं आणि पुढच्याच शनिवारी त्या बाईंचा फोन आला. त्यांना सगळे बांगबाई म्हणत.

"बोराम, उद्या सकाळी लवकर ये. आपण दोघी आंघोळीला जाऊ. सुनेनं सासूची पाठ घासायची, सासूनं सुनेची. माया जुळते बघ."

सार्वजनिक न्हाणीघरात बोरामने वीस वर्षांत पाऊल ठेवलं नव्हतं. काहीतरी कारण सांगायला ती तोंड उघडणार, एवढ्यात शेजारी बसलेल्या मालसुनने तिच्या मांडीवर चापट मारली आणि फोनच्या दिशेने ओरडली, "येईल हो, येईल! का नाही येणार?"

न्हाणीघरात वाफ दाटलेली होती. बायका बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून अंग घासत होत्या, कोपऱ्यात एक म्हातारी गरम पाण्यात गळ्यापर्यंत बुडून डुलकी काढत होती. भिंतीकडच्या पलंगावर अंग चोळून देणारी दांडगी बाई हाताला हिरवी खरखरीत पिशवी चढवून कुणाची तरी पाठ घासत होती.

"टॉवेल काढ की," बांगबाई म्हणाल्या. "इथं कोण परकं आहे?"

बोरामने टॉवेल काढला.

बांगबाईंनी तिला वरून खाली पाहिलं, मग खालून वर. पाठ घासायचं नाव नाही. त्या पुढे झाल्या, दोन बोटांच्या चिमटीत पोटाची घडी उचलली, हलवली आणि सोडली. ओलं फडकं फरशीवर पडावं तसा आवाज झाला. त्यांनी ती पुन्हा उचलली.

"अगं बाई गं! थेग्युन म्हणाला होता थोडं सैल आहे. हे थोडं? हे असंच लोंबत राहणार जन्मभर?"

आजूबाजूचे स्टूल वळले. बोरामच्या कानांत पाणी गेल्यासारखं झालं. घडीखालची कातडी सोललेली होती, बांगबाईंच्या नखांनी तिथे आग उठली.

"ओ बाई!" पलंगाकडून तो दांडगा आवाज आला. "हात आवरा. मासळी बाजार तिकडं पल्याड हाय. हितं माणसं न्हातात."

"तू आपलं काम कर," बांगबाई फणकारल्या. "ही माझी सून आहे."

"व्हायची हाय अजून, असं दिसतंय."

कुणीतरी फस्सकन हसलं. बांगबाईंनी तांब्याभर पाणी डोक्यावर ओतून घेतलं आणि विषय संपवला. बाहेर आल्यावर मात्र त्या अगदी मवाळ झाल्या. भाताचं थंड गोड पाणी दोन पेले घेतलं, एक बोरामच्या हातात दिला.

"रागावू नकोस. मुलीसारखी आहेस म्हणून बोलते. लग्न नोव्हेंबरात आहे. तोवर हे सगळं काढून टाकू. पोट, दंड, मांड्या, छाती. बुसानला माझ्या ओळखीचं क्लिनिक आहे, निम्मा भार आम्ही उचलतो, झालं? माझ्या भाचीनं नाक केलं तिथंच. अगं, पहिल्या रात्री माझा पोरगा तुझ्याकडे बघणार की भिंतीकडे?"

बोरामने पेला तसाच खाली ठेवला. 

घरी येऊन तिने मालसुनला घडलं ते सांगितलं. आईला संताप येईल असं तिला वाटलं होतं. मालसुन लसूण सोलत होती, ती सोलतच राहिली.

"बोलल्या असतील वेडंवाकडं. पण खोटं काय बोलल्या? आणि तुला तरी ते नकोच आहे ना? माहितीपत्रकं लपवून ठेवतेस, मला ठाऊक नाही होय? आयतं चालून आलंय. आपली बाजू पडती आहे बोराम, हे विसरू नकोस."

आईचं निम्मं खरं होतं. हीच गोष्ट तिला हवी होती. पण तीच गोष्ट बांगबाईंच्या दोन बोटांतून आल्यावर तिला नकोशी का झाली होती? रात्रभर ती यावरच विचार करत राहिली, आणि शुक्रवारी बुसानच्या बसमध्ये बसलीही.

क्लिनिक सातव्या मजल्यावर होतं. पांढऱ्या भिंती, गुलाबी सोफे, खोलीभर कसलातरी गोड वास. सल्ला देणारी बाई पुढे आली. तिचा चेहरा इतका गुळगुळीत होता की बोलताना भुवयासुद्धा हलत नव्हत्या. बांगबाई, मालसुन, थेग्युन असे सगळेच आले होते. थेग्युन खालच्या हॉटेलात डुकराच्या रश्शाबरोबर भात हाणून आला होता, ओठांवर तेल चकाकत होतं.

"नवरीबाई इकडे या," ती बाई म्हणाली. "सोबतची मंडळीही आत आली तर चालेल. सगळ्यांनी बघितलं की निर्णय सोपा जातो."

बोराम काही म्हणायच्या आत तिघं आत शिरली. पडदा होता, पण तो अर्धाच ओढला गेला. अंगावरचा कागदी झगा काढून ती दिव्याखाली उभी राहिली. त्या बाईने तिचे फोटो घेतले, समोरून, बाजूने, हात वर करून. मग डॉक्टर आले. तरुण, घाईत. त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही. जांभळा मार्कर काढला आणि तिच्या अंगावर रेघा ओढायला लागले. पोटावर एक लांब आडवी, दंडांवर दोन, मांड्यांच्या आत. खाटकाच्या दुकानात भिंतीवर जनावराचं चित्र लावलेलं असतं, कुठला तुकडा कुठून कापायचा ते दाखवणारं. बोरामला तेच आठवलं.

"एका दिवसात उरकू," डॉक्टर म्हणाले. "आठ-नऊ तास."

"सगळं एकदम?" बोरामने विचारलं. "मला आधी साखरेचा आजार होता. माझे वडील त्यातच गेले."

डॉक्टरांनी हातातला कागद उलटून पाहिला, मग त्या बाईकडे पाहिलं. "हे इथं लिहिलेलं नाही."

"बघून घेऊ आपण," बाई हसत म्हणाली. "लग्न नोव्हेंबरात आहे ना. टप्प्याटप्प्याने करायला वेळ कुठे आहे?"

"आणि घडीखाली जखमा होतात. त्या बऱ्या होतील?"

"जखमा?" डॉक्टर मार्कर झटकत होते. "घडी गेली की त्याही जातील. बोनस समजा!"

सगळे हसले. बांगबाई हसल्या, ती बाई हसली, मालसुनसुद्धा संकोचून हसली. थेग्युन पडद्याच्या कडेला उभा होता. तो तिला असं पहिल्यांदाच पाहत होता. त्याची नजर तिच्या पोटावर गेली, नाक आक्रसलं, आणि घसा खाकरून तो बाजूला बघत आईला म्हणाला, "तू सांगितलं होतंस गं, पण इतकं असेल असं वाटलं नव्हतं."

बोरामने त्याच्याकडे पाहिलं. त्या तेलकट ओठांकडे, दातात अडकलेल्या कांद्याच्या पातीच्या हिरव्या कणाकडे. मग बांगबाईंच्या चिमटीच्या त्या दोन बोटांकडे, त्या बाईच्या न हलणाऱ्या भुवयांकडे. इतकी वर्षं जी किळस ती पावडर टाकताना स्वतःच्या अंगावर ओतत आली होती, ती एकदम तिथून सुटली आणि त्या खोलीभर पसरली.  ती तिच्या अंगाची नव्हतीच, हे तिला पहिल्यांदाच कळलं.

"माझे कपडे द्या," ती म्हणाली.

"अजून छातीच्या खुणा राहिल्यात," डॉक्टर म्हणाले.

"राहू द्यात. आणि मघाशी काढलेले फोटो पुसा, माझ्यासमोर." तिने पडदा पूर्ण ओढून घेतला, शर्ट चढवला, बटणं लावून बाहेर आली आणि त्या बाईने फोटो पुसेपर्यंत तिच्या शेजारी उभी राहिली. "थेग्युन, तुझा फोन काढ. माझा जुना फोटो पुसून टाक."

"अगं, पण तो तर किती... लोकांना त्यातून हुरूप येतो."

"पूस."

त्याने पुसला.  त्याची तिला जराशी कीवसुद्धा आली, पण तेवढीच.

"हा काय तमाशा?" बांगबाईंचा आवाज चढला. "आम्ही तुझ्या भल्यासाठी इतकं करतोय!"

"आई," बोराम म्हणाली, कारण वयाने मोठ्या बाईला दुसरं काय म्हणावं हे तिला सुचलं नाही, "मला तुमच्या घरी यायचं नाही."

परतीच्या बसमध्ये मालसुन खिडकीकडे तोंड करून बडबडत होती. छत्तीस वर्षं, पुन्हा कोण विचारणार, बाजारात कुठल्या तोंडाने बसू.  शर्टाच्या आतल्या जांभळ्या रेघा बोरामला घामाने चिकट लागत होत्या.

त्या रेघा साबणाने जाईनात. तासभर न्हाणीत घासूनही पोटावरची रेघ तशीच राहिली, आणि ओल्या घडीखालून रक्ताचे थेंब आले. दार वाजलं. "उघड," मालसुन बाहेरून म्हणाली. "ती शाई तेलानं निघते. दुकानात वजनकाट्यावरची मी तेलानंच काढते."

बोरामने बराच वेळ कडी काढली नाही. शेवटी काढली.

मालसुनने तिळाच्या तेलात कापूस बुडवला आणि खाली बसून रेघ पुसायला घेतली. पुसता पुसता तिने घडी वर केली, अगदी हलक्या हाताने, आणि थांबली. खालची कातडी लालभडक होती, मधे पिवळट ओल, दोन ठिकाणी खोल चिरा. वास आला. मालसुनने नाक वळवलं नाही.

"हे... दुखतं?"

"हो."

"कधीपासून?"

"दोन वर्षं तरी होतील."

मालसुनच्या हातातला कापूस तसाच राहिला. "दोन वर्षं," ती म्हणाली. "दोन वर्षं तू त्या भट्टीपाशी उभी राहतेस, आणि मी तुला काय विचारत होते? दिसेल का, झाकेल का, लोकांना कळेल का." तिचा आवाज फाटला. "शाळेच्या फोटोत मागं उभी राहा म्हणायचे मी तुला. सात वर्षांची पोर होतीस गं. मीच म्हणायचे."

बोरामला वाटत होतं आईला जवळ घ्यावं, आणि वाटत होतं हात झटकून टाकावा. तिने दोन्हीपैकी काही केलं नाही. ती म्हणाली, "पूस. अजून मांड्यांवरच्या राहिल्यात."

नोव्हेंबरात, ज्या आठवड्यात लग्न व्हायचं होतं त्याच आठवड्यात, मायलेकी जिंजूच्या एका मोठ्या रुग्णालयात गेल्या. तिथल्या डॉक्टरबाई पन्नाशीच्या, केस विस्कटलेले. त्यांनी मालसुनला बाहेर बसायला सांगितलं, दार लावलं, आणि विचारलं, "कुठे दुखतं ते आधी सांगा."

त्यांनी रक्त तपासलं, वजन वर्षभर टिकलंय का ते विचारलं. पोटाची घडी काढता येईल, म्हणाल्या, जखमांसाठी काढायलाच हवी. पण कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत व्रण राहील, तो जाणार नाही. रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, जखम चिघळू शकते, महिनाभर वाकता येणार नाही. हे सगळं त्यांनी दोनदा सांगितलं.

"आणि दंड?" बोरामने विचारलं.

"दुखतात?"

"नाही. आवडत नाहीत."

"आवडत नाहीत हेही कारण असू शकतं. पण कुणाला आवडत नाहीत, एवढं घरी जाऊन बघा. घाई नाही."

महिनाभर बोरामने विचार केला. खरं सांगायचं तर दंडही काढावेत असं तिला अनेकदा वाटलं. तिने स्वतःला काही फसवलं नाही. पण प्रत्येक वेळी ती इच्छा नीट तपासली की तिच्या मुळाशी कुणाचं तरी आक्रसलेलं नाक सापडायचं. शेवटी तिने पोटाला हो म्हटलं आणि दंड आहेत तसे ठेवले. जानेवारीत, शाळेच्या हिवाळी सुट्टीत ऑपरेशन झालं. जखमेत बसवलेल्या नळीतून येणारं लालसर पाणी मालसुन रोज दोन वेळा ओतून टाकायची, मोजमाप पाटीवर लिहायची आणि नळीची पिशवी पुन्हा लावायची.

थेग्युनचं लग्न मे महिन्यात झाल्याचं कुणीतरी दुकानात येऊन सांगितलं. मालसुनने "हो का?" म्हणत किमचीची पिशवी बांधून दिली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

जूनमध्ये शाळेच्या पालक मंडळाने बोरामला बोलावलं. सहावीच्या मुली वजनाची फार काळजी करतात, तुम्ही इतकं करून दाखवलंत, दोन शब्द सांगा. सभागृहाच्या दारावर तिचं नाव लिहिलेला मोठा फलक होता. त्यावर कुठून तरी मिळवलेला तिचा एकशे अठरा किलोंचा फोटो, आणि शेजारी आताचा. बोरामने फलक काढून गुंडाळला, कोपऱ्यात उभा केला आणि अर्ध्या बाह्यांच्या शर्टात माइकसमोर जाऊन उभी राहिली. दंड हलत होते. पुढच्या रांगेतल्या दोन आयांनी एकमेकींकडे पाहिलं.

तिने सगळं सांगितलं. वडिलांचा पाय, पहाटेचं चालणं, घडीखालच्या जखमा, न्हाणीघर, मार्कर. सुपाची पाककृती सांगावी तशा साध्या आवाजात. मुली कान देऊन ऐकत होत्या. सांगून झाल्यावर एक आई हात वर करून उठली. पायात साडेतीन इंची टाचांचे बूट, हातात वही.

"फारच छान सांगितलंत मॅडम. पण आमची मुलगी आत्ताच इतकी सुटलीय, बारा वर्षांची आहे. पुढे ऑपरेशन करावं लागलंच तर ते बुसानचं क्लिनिक नेमकं कुठलं? आणि ऑपरेशननंतरचा फोटो आहे का तुमचा?"

 बोरामने त्या बाईशेजारी बसलेल्या मुलीकडे पाहिलं. मुलगी मान खाली घालून स्वेटरच्या बाह्या बोटांवर ओढत होती. जूनच्या उकाड्यात स्वेटर.

"फोटो नाही," बोराम म्हणाली. "मी रोज सहाशे ताटं गोळा करते. तुमच्या मुलीचं ताट या महिन्यात एकदाही रिकामं आलेलं नाही. आजसुद्धा भात तसाच होता. हे तुम्हाला ठाऊक होतं का?"

ती बाई उभीच राहिली. वहीत काय लिहावं ते तिला कळेना.  बोराम व्यासपीठावरून उतरली आणि त्या मुलीच्या शेजारची रिकामी खुर्ची ओढून तिथे जाऊन बसली.